फलनसंग्रह, संगणकीय

संगणकाच्या आज्ञावलींत पुनःपुन्हा लागणारी लहान कामे प्रत्येकी एकदाच लिहून, त्यांना स्वतंत्र नावे देऊन एकत्र ठेवलेल्या आज्ञासमूहांच्या संचास फलनसंग्रह म्हणतात. यातील प्रत्येक आज्ञासमूह म्हणजे एक फलन होय. फलनाला काही आदाने दिली असता ते ठरलेले उत्तर परत करते, उदा., संख्यांची यादी दिल्यास त्यांची सरासरी किंवा इसवी सनातील वर्ष दिल्यास ते लीप वर्ष आहे की नाही हे फलन सांगते. संगणकाच्या व्यवहारात फलनास ‘फंक्शन’ व संग्रहास ‘लायब्ररी’ हे शब्द रूढ आहेत. बहुतेक प्रचलित संगणकीय भाषांबरोबर असे तयार संग्रह मिळतात. तरीही वीस-पंचवीस लहान फलनांचा संग्रह विद्यार्थ्याने स्वतः रचणे हा आज्ञावलीलेखन शिकण्याचा एक उत्तम अभ्यास मानला जातो. कारण लहान फलनाची अवघड बाजू त्यातील आज्ञांच्या संख्येत नसते. कोणत्या आदानाला कोणते उत्तर द्यावयाचे याचा संपूर्ण निर्णय करण्यात ती असते, आणि तयार फलन वापरणाऱ्याला हा निर्णय कधी दिसतच नाही.

इतिहास : फलनसंग्रहाची कल्पना साठविलेल्या आज्ञावलीवर चालणाऱ्या संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. या यंत्रात भागाकाराची स्वतंत्र आज्ञा नव्हती. वर्गमूळ, त्रिकोणमितीय फलने, संकलन इ. गोष्टीही आज्ञा लिहूनच साधाव्या लागत. म्हणून अशा कामांच्या उपआज्ञावली छिद्रित कागदी फितींवर नोंदून त्यांचा संग्रह करण्यात आला. ज्याला जी लागेल तिची नक्कल तो आपल्या आज्ञावलीच्या फितीत घेत असे. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ उपआज्ञावली जमा झाल्या होत्या. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी या पद्धतीचे विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज्ञावलीलेखनावरील आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

व्हीलर यांनी १९५२ साली उपआज्ञावलींविषयी एक छोटा निबंध लिहिला. उपआज्ञावली लिहून व तपासून झाली तरी काम संपत नाही. तिची अंतर्गत रचना ठाऊक नसलेल्यालाही ती सहज वापरता येईल असे वर्णन लिहावयाचे राहते, आणि कदाचित हेच सर्वांत अवघड काम असते, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढील अनुभवाने तो खरा ठरला.

जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेने (१९६० चा निबंध) एका फलनाला दुसरे फलनच आदान म्हणून देण्याची सोय रूढ केली. सी भाषेच्या संग्रहातील अक्षरमाला हाताळणारी छोटी फलने १९७८ पासून तिच्या प्रमाणभूत पाठ्यपुस्तकामुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली. जावास्क्रिप्ट भाषेत याद्या हाताळणाऱ्या फलनांचा अंडरस्कोअर हा संग्रह २००९ साली व त्याच धर्तीचा लोडॅश हा संग्रह २०१२ साली पुढे आला. या दोन संग्रहांतील बहुतेक फलने आटोपशीर असल्याने त्यांची स्वतंत्रपणे पुनर्रचना करणे हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा सराव झाला आहे.

फलनाची बोली : फलन म्हणजे ते लिहिणारा आणि वापरणारा यांच्यातील एक बोली होय. कोणती आदाने ग्राह्य आहेत, त्यांचे उत्तर काय येईल, अग्राह्य आदान आल्यास काय होईल आणि उत्तराखेरीज आणखी काही बदल घडेल काय, या चार बाबी तीत स्पष्ट असाव्या लागतात. आज्ञा लिहिण्यापूर्वी या चारही बाबी साध्या भाषेत कागदावर मांडणे ही अभ्यासाची पहिली पायरी आहे.

सरासरीचे फलन वरकरणी सर्वांत सोपे वाटते : सर्व संख्यांची बेरीज करून तिला त्यांच्या संख्येने भागावयाचे. तथापि यादी रिकामी असेल तर शून्याला शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी चूक झाल्याचे कळवून थांबता येते, ‘उत्तर नाही’ अशी विशेष खूण परत करता येते किंवा शून्य हे उत्तर देता येते. तिसरा मार्ग सोयीचा दिसला तरी फसवा आहे. ज्या महिन्यात पर्जन्यमापकाची नोंदच घेतली गेली नाही त्या महिन्याची सरासरी शून्य धरल्यास, नोंद नसणे आणि पाऊस नसणे यांतील भेद पुसला जातो, आणि तो पुसला गेल्याचे पुढे कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय अनेक भाषांत दोन पूर्णांकांच्या भागाकारातील अपूर्णांक गाळला जातो, त्यामुळे ३ व ४ यांची सरासरी ३.५ ऐवजी ३ येते. दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठविताना बहुधा अचूक राहत नाहीत. नेहमीच्या ६४ अंकी द्विमान मांडणीत ०.१ ही संख्या दहा वेळा मिळविली असता बेरीज नेमकी १ येत नाही. दीर्घ बेरजेतील अशी त्रुटी कमी करण्याची रीत विल्यम काहान यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. अशा रीतीने दोन ओळींच्या फलनातून विद्यार्थी संख्यांच्या अंतर्गत मांडणीपर्यंत पोहोचतो.

सीमेवरील आदाने : चुका बहुधा नेहमीच्या आदानांत दडलेल्या नसतात, तर रिकाम्या, एकमेव, ऋण, अतिमोठ्या किंवा नियमाच्या अपवादात बसणाऱ्या आदानांत असतात. लीप वर्षाच्या फलनात चाराने भाग जाणे एवढीच कसोटी लावली तर १९०१ ते २०९९ या काळात ते नेहमी बरोबर उत्तर देते. परंतु ग्रेगरीय पंचांगानुसार शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेनेही भागले जात असेल तरच लीप असते. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० हे नव्हते. या फलनाच्या चाचणीसाठी शेकडो वर्षे तपासण्याची गरज नसते. २०२३, २०२४, १९०० आणि २००० ही चार वर्षे नियमाच्या चारही शाखा तपासतात. चाचणीची आदाने कशी निवडावीत याचा हा नमुना आहे.

संख्येत भारतीय पद्धतीने स्वल्पविराम घालणारे फलन हेही उद्बोधक उदाहरण आहे. उजवीकडील तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांचे गट पाडले की १२३४५६७८ चे १,२३,४५,६७८ होते. विद्यार्थी बहुधा संख्येचे अक्षरमालेत रूपांतर करतो, शेवटची तीन चिन्हे वेगळी काढतो व मागे काही उरल्यास स्वल्पविराम देतो. १२३ या संख्येला हे फलन योग्य उत्तर देते. पण −१२३ दिल्यास मागे ऋणचिन्ह उरते आणि ‘−,१२३’ असे विचित्र उत्तर येते. अंक मोजावयाचे होते, प्रत्यक्षात चिन्हे मोजली गेली. दोष सुधारणे सोपे आहे. आपण काय मोजत आहोत याचे भान ठेवणे हा यातील खरा धडा होय.

यादीचे ठराविक आकाराचे गट पाडणारे फलनही असेच आहे. सात घटकांचे तिनांचे गट पाडल्यास ३, ३ व १ असे गट होतात. येथे शेवटचा अपुरा गट ठेवावा की टाकावा हे आधी ठरवावे लागते. गटाचा आकार शून्य दिला तर निष्काळजीपणे लिहिलेले फलन एक पाऊलही पुढे न सरकता त्याच जागी अनंत काळ आवर्तने करीत राहते.

याद्यांवरील फलने : यादीतील प्रत्येक घटकावर एकच क्रिया करून नवी यादी देणारे, अट पूर्ण करणारे घटक तेवढे निवडणारे आणि सर्व घटकांचे क्रमाक्रमाने एकाच उत्तरात संक्षेपण करणारे अशी तीन फलने बहुतेक संग्रहांच्या मुळाशी असतात. यांतील तिसरे सर्वांत व्यापक आहे. पहिली दोन त्याच्या साहाय्याने रचता येतात. ही रचना स्वतः करून पाहिल्यावर बेरीज, गुणाकार, कमाल मूल्य व घटकांची गणती ही एकाच क्रियेची रूपे आहेत हे ध्यानात येते. संक्षेपणाला आरंभीचे मूल्य का लागते हेही रिकाम्या यादीवरून उमगते : रिकाम्या यादीची बेरीज ० व गुणाकार १ धरला म्हणजे नियम अबाधित राहतात, कमाल मूल्याला मात्र असे कोणतेही साधारण आरंभमूल्य नसते.

दिलेल्या यादीत फलनाने बदल करावा की नवी यादी द्यावी हाही बोलीचाच भाग आहे. क्रमवारी लावणाऱ्या फलनाने मूळ यादीचाच क्रम बदलला, तर त्या यादीवर अवलंबून असलेला आज्ञावलीचा दुसरा भाग न कळत चुकतो. अशी चूक शोधणे कठीण असते, कारण ती जेथे घडते त्यापासून दूर कोठे तरी प्रकट होते.

मराठी मजकूर : अक्षरमालांवरील फलनांची पाठ्यपुस्तकातील उदाहरणे बहुतांशी रोमन लिपीतील असतात. देवनागरी मजकूर घेतला की अनेक गृहीतके कोलमडतात. युनिकोड या प्रमाण संकेतप्रणालीत व्यंजने, स्वरचिन्हे व हलन्त चिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. त्यामुळे ‘विद्या’ या शब्दाची लांबी विचारल्यास तीन उत्तरे संभवतात : यूटीएफ-८ मांडणीत तो १८ बाइट जागा घेतो, त्यात ६ संकेतांक आहेत आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात वि व द्या ही २ अक्षरे आहेत. लांबी सांगणाऱ्या फलनाने यांपैकी काय मोजले हे त्याच्या वर्णनात नसेल तर ते फलन निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते.

शब्द उलटा करण्याच्या फलनात हा प्रश्न डोळ्यांनाच दिसतो. ‘पाणी’ हा शब्द संकेतांकांच्या क्रमाने उलटविला तर दीर्घ ईकाराचे चिन्ह आधाराविना आरंभी येते आणि पचा काना णला जाऊन चिकटतो. अक्षरे ओळखून उलटविल्यास ‘णीपा’ असे वाचनीय उत्तर मिळते. वर्णक्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र त्याचा संकेतांक ल नंतर व व च्या आधी आहे. परिणामी केवळ संकेतांकांवरून क्रम लावणारे फलन ‘कळ’ हा शब्द ‘कवच’ या शब्दापूर्वी ठेवते, तर मराठी कोशाच्या क्रमात ‘कवच’ आधी यावयास हवा. मतदारांच्या वा ग्राहकांच्या नावांची यादी लावताना हा दोष प्रत्यक्ष अडचणीचा ठरतो.

द्विभाजन शोध : क्रमवार यादीतील घटक शोधताना मधला घटक पाहावयाचा, हवा असलेला घटक त्याच्या आधी की नंतर हे ठरवून यादीचा अर्धा भाग सोडून द्यावयाचा आणि उरलेल्या भागावर हीच कृती करावयाची, या रीतीस द्विभाजन शोध म्हणतात. एक लाख घटकांच्या यादीत अशा १७ पायऱ्या पुरेशा होतात. ही रीत १९४६ साली जाहीरपणे मांडली गेली. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीला लागू पडणारी निर्दोष आज्ञावली प्रसिद्ध होण्यास दशकाहून अधिक काळ जावा लागला. शोधाच्या सीमा पुढे सरकविताना मधला घटक वगळावयाचे राहून गेल्यास दोन घटकांच्या यादीवरही आवर्तन संपत नाही.

जॉन बेंटली यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या रीतीचे सिद्धतेसह विवेचन केले. मध्यबिंदू काढण्यासाठी त्यांनी खालच्या व वरच्या सीमांची बेरीज करून तिला दोनाने भागले होते. जावा भाषेच्या प्रमाण संग्रहातही हीच रीत होती. ३२ अंकी द्विमान पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. यादीत सुमारे १०७ कोटींहून अधिक घटक असतील तर ही बेरीज मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होऊ शकते. सुमारे नऊ वर्षे दडून राहिलेला हा दोष जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीर केला. खालच्या सीमेत दोन सीमांच्या फरकाचा अर्धा भाग मिळविला की तो टळतो. गणिती सिद्धतेत चूक नव्हती. गणितातील पूर्णांक अमर्याद असतात व यंत्रातील नसतात, एवढाच भेद विसरला गेला होता.

अपुऱ्या बोलीचे परिणाम : सी भाषेच्या संग्रहातील ‘गेट्स’ नावाचे फलन आदानाची एक ओळ वाचून दिलेल्या जागेत ठेवीत असे, मात्र ती जागा किती मोठी आहे हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती. ओळ लांब असल्यास शेजारच्या स्मृतीवर लेखन होई. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमी या आज्ञावलीने ज्या त्रुटींचा लाभ घेतला त्यांत या फलनाच्या वापराचा समावेश होता. अखेर २०११ च्या सी प्रमाणातून ते काढून टाकण्यात आले. येथे दोष आज्ञांत नव्हता, बोलीतच होता. त्यामुळे फलन कितीही काळजीपूर्वक लिहिले असते तरी तो गेला नसता.

एकदा इतरांनी वापरावयास घेतलेल्या फलनातील दोष सुधारणेही सोपे राहत नाही. लोटस १-२-३ या तक्त्यांच्या आज्ञावलीत १९०० हे लीप वर्ष मानले गेले होते. तिच्याशी मेळ राहावा म्हणून एक्सेलमध्येही तीच चूक हेतुतः ठेवण्यात आली आणि ती अद्याप टिकून आहे. कारण ती सुधारल्यास जुन्या तक्त्यांतील तारखा एका दिवसाने सरकतील.

याउलट, अतिशय लहान फलनेही दुसऱ्याकडून घेण्यातील धोका २२ मार्च २०१६ रोजी दिसून आला. अक्षरमालेच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून तिची लांबी वाढविणारे ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे जावास्क्रिप्ट फलन त्याच्या लेखकाने दुसऱ्या एका संग्रहाच्या नावावरून झालेल्या वादानंतर एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यावर प्रत्यक्षपणे वा अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावलींची जुळणी थांबली व काही तासांत ते फलन परत ठेवावे लागले. पुढे २०१७ च्या भाषाप्रमाणात अशा फलनाचा समावेश झाला.

अभ्यासाची पद्धत : आरंभी संख्या, तारखा, याद्या व अक्षरमाला यांवरील प्रत्येकी पाच-सहा फलने निवडावीत. प्रत्येक फलनासाठी प्रथम वर्णन, नंतर चाचण्या व शेवटी आज्ञा हा क्रम ठेवावा. चाचण्यांत एक नेहमीचे, एक रिकामे, एक एकाच घटकाचे आणि एक अग्राह्य असे किमान चार प्रकारचे आदान असावे. सापडलेली प्रत्येक चूक चाचणी म्हणून कायम नोंदवावी, म्हणजे पुढील सुधारणेत ती पुन्हा शिरत नाही. मग संग्रह सहाध्यायाच्या हाती द्यावा व केवळ वर्णनाच्या आधारे त्याला तो वापरू द्यावा. तो जेथे अडेल अथवा आज्ञा उघडून पाहील, तेथे वर्णन अपुरे आहे असे समजावे. शेवटी आपले फलन व तयार संग्रहातील त्याच कामाचे फलन यांची तुलना करावी. तयार फलनातील ज्या ओळी प्रथमदर्शनी अनावश्यक वाटतात त्या बहुधा आपल्याला न सुचलेल्या एखाद्या आदानासाठी असतात.

मर्यादा : असा संग्रह शिकण्यासाठी असतो, प्रत्यक्ष कामकाजात दीर्घकाळ वापरून पारखलेले संग्रहच घ्यावेत. विशेषतः गुप्तलेखन, कालविभागांसह तारखांची गणिते व पैशांचे हिशेब यांसाठी स्वरचित फलनांवर विसंबणे धोक्याचे आहे. मात्र ज्याने लहान संग्रह स्वतः रचला आहे, त्याला तयार संग्रहाचे वर्णन नीट वाचता येते, त्यात काय सांगायचे राहिले आहे हे ओळखता येते आणि एखादे फलन बाहेरून घ्यावे की अकरा ओळी स्वतः लिहाव्यात याचा निर्णय विचारपूर्वक करता येतो. या अभ्यासाचे प्रयोजन तेच आहे.